गावाकडच्या काँक्रीट पुलाचे फोटो: सावित्रीकाठी कुठे उभं राहायचं?

पोलादपूरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

पोलादपूर तालुक्यात आमचं गाव. महामार्ग सोडून आत वळलं की थोड्या अंतरावर सावित्री आडवी येते आणि तिच्यावर एक काँक्रीटचा पूल आहे. अरुंद, सरळ, कठड्याला कधीकाळी काळा-पांढरा रंग दिलेला. समोरून एसटी आली तर दुचाकीवाल्याने अलीकडेच थांबायचं, हा आमच्याकडचा ठरलेला नियम. गेली तीन वर्षं गणपतीत, दिवाळीत, मे महिन्यात, जाईन तेव्हा मी या पुलाचे फोटो काढतो. शंभराच्या वर झाले असतील. त्यातला एकही भिंतीवर लावावासा वाटत नाही. प्रत्येकात वर पांढरंफटक आभाळ, मध्ये करडी पट्टी, खाली पाणी. डोळ्यांना जो पूल इतका आवडतो तो फोटोत उतरतच नाही.

गावातले विचारतात, यात काढण्यासारखं आहे काय? रायगड जवळ, प्रतापगड जवळ, तिकडे जा की. पण मला हाच काढायचा आहे, त्याचं कारण सांगतो. महाडजवळचा सावित्रीवरचा जुना दगडी पूल अनेकांना आठवत असेल. १९२८ चा, कमानींचा. मुंबईला येताना लहानपणापासून कितीदा त्यावरून गेलोय याची मोजदाद नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो कोसळला आणि जयगड-मुंबई, राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. दुसऱ्या दिवशी घरातले सगळे टीव्हीसमोर बसून होते आणि मी त्या पुलाचा स्वतः काढलेला एखादा फोटो शोधत होतो. एकच सापडला. चालत्या बसच्या खिडकीतून काढलेला, कठड्याचे चार दगड आणि हललेली झाडं. कमानी त्यात नाहीत, कारण कमानी बघायच्या तर खाली नदीत उतरावं लागतं, आणि मी कधी उतरलोच नव्हतो.

म्हणून गावचा पूल उभा आहे तोवर नीट काढून ठेवायचा आहे. माझ्याकडे साधा डीएसएलआर आणि त्यासोबत आलेली १८-५५ ची लेन्स आहे, शिवाय फोन. ट्रायपॉड हलका आहे, वाऱ्यात डुलतो. करड्या काँक्रीटला जिवंत कसं करायचं? कुठे उभं राहायचं, कोणत्या वेळी, कोणत्या महिन्यात? जाणकारांनी सांगावं.

रानजाई

तो बसच्या खिडकीतला फोटो टाकाल का इथे? हललेला असला तरी.

पोलादपूरकर

@रानजाई, टाकतो. हार्ड डिस्क ठाण्याच्या घरी आहे, शनिवारी काढतो.

निमशहरी

चांगला धागा. मी लग्नांचे फोटो काढून पोट भरतो, पण सुट्टीच्या दिवशी रस्ते, बंधारे, पाण्याच्या टाक्या असलंच काढतो, त्यामुळे तुमचं दुखणं ओळखीचं आहे.

पहिली गोष्ट उजेडाची. काँक्रीटला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. त्याच्याकडे असतो तो पोत, आणि पोत दिसतो तिरक्या उजेडात. डोक्यावरच्या उन्हात किंवा ढगाळ दुपारी फळ्यांचे ठसे, भोकं, ओघळ, सगळं सपाट होतं. सावित्री महाबळेश्वराहून निघून पश्चिमेला समुद्राकडे जाते, म्हणजे तिच्यावरचा पूल ढोबळमानाने दक्षिणोत्तर पडतो. तसं असेल तर सकाळचं ऊन पुलाच्या वरच्या अंगाला, म्हणजे नदी येते त्या बाजूला लागेल आणि संध्याकाळचं खालच्या अंगाला, नदी जाते त्या बाजूला. तुमच्या जागी नदीने वळण घेतलं असेल तर गणित बदलेल, एकदा फोनच्या होकायंत्रावर बघून घ्या. सूर्य उगवल्यावर पहिला तास-दीड तास नदीच्या वरच्या बाजूला काठावर उभे राहा, आणि अगदी समोर उभं न राहता थोडं कडेला सरका, म्हणजे ऊन खांबांना चाटून जाईल आणि प्रत्येक खांबाची एक बाजू उजळ, एक बाजू काळोखी मिळेल. गोलाई तिथूनच येते.

दुसरं, आभाळ. कोकणात जून ते सप्टेंबर आभाळ पांढरंच असणार, त्याला इलाज नाही. मग ते चौकटीत घेऊच नका. पुलाचा वरचा कठडा फ्रेमच्या वरच्या कडेला टेकवा, किंवा सरळ पुलाखाली जा. ढगाळ दिवशी पुलाखालचा मऊ उजेड फार सुंदर असतो आणि तो फुकट जातो, कारण सगळे वर उभे राहून नदी काढत असतात.

तिसरं, एक्सपोजर. कॅमेऱ्याचा मीटर समोर जे असेल त्याला मध्यम करडं समजून उजेड मोजतो. जुनं, शेवाळलेलं काँक्रीट त्याच्या जवळपास असतं, तिथे मीटरवर विश्वास ठेवा. नवं काँक्रीट त्यापेक्षा उजळ असतं, तेव्हा पाऊण ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), नाहीतर मळकट येईल. आभाळ घेतलंत तर मात्र मीटर पुलाला काळा करून टाकेल. रॉमध्ये काढा, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल मिळते आणि उजेड नंतर सुधारता येतो.

चौथं, खांब वाकडे येणं. जवळ जाऊन कॅमेरा वर केला की खांब आतल्या बाजूला झुकतात. कॅमेरा समतल ठेवा, मागे जा, आणि खाली जास्तीचा भाग येतो तो पाण्याने किंवा दगडांनी भरू द्या. नंतर कापता येतो. पूल उभा दिसायला हवा असेल तर खांब उभेच दिसले पाहिजेत.

ट्रायपॉड डुलत असेल तर मधल्या दांड्याला पाण्याची भरलेली बाटली बांधा, पिशवीत दगड घालून टांगा, आणि दोन सेकंदांचा टायमर लावा.

अवनी_७

वाचतेय. फोटोतलं मला काही कळत नाही, पण पुलाबद्दल सांगावंसं वाटलं.

माझं माहेर त्याच भागात, डोंगराच्या कुशीतली वाडी. आमच्या वहाळावर लाकडी साकव होता. दर पावसाळ्यात एकदा तरी तो जायचा. मग पाणी ओसरेपर्यंत शाळा बंद, दूध पलीकडे जायचं नाही, आजारी माणसाला डोलीत घालून वरच्या वाटेने लांबचा वळसा घ्यायचा. आमची आजी पाऊस लागला की रोज सकाळी पहिल्यांदा विचारायची, "साकव हाय का?" पुढे तिथे काँक्रीटचा साकव झाला. छोटासा, चार माणसं ओळीने जातील एवढा. पहिल्या पावसात आजी छत्री घेऊन मुद्दाम त्यावर जाऊन उभी राहिली होती. पाणी खालून जातंय आणि आपण वर कोरड्या पायांनी उभे आहोत, हे तिला बघायचं होतं.

तुम्हाला पूल आवडतो यात नवल काहीच नाही. ज्यांनी त्याच्याशिवाय पावसाळे काढलेत त्यांना तो सुंदरच दिसतो.

मुक्कामी_गाडी

@पोलादपूरकर, दादा, मी एसटीत वाहक आहे. तुमच्या नव्हे, शेजारच्या डेपोचा, पण रस्ते माहीत आहेत. दोन गोष्टी सांगतो.

पहिली कामाची. गावात मुक्कामी गाडी असेल तर ती सकाळी उजाडता उजाडता निघते. निमशहरी साहेब म्हणतात तो सकाळचा उजेड आणि ती गाडी, दोन्ही एकाच वेळी मिळतात. थंडीत तर नदीवर धुकं असतं, गाडीचे दिवे चालू असतात. एक दिवस आधी संध्याकाळी चालक-वाहकांना भेटून ठेवा, "उद्या पुलाजवळ फोटो काढतोय, हळू आणा" म्हणून सांगा. आनंदाने आणतील. आमच्या गाड्यांचे फोटो कोणी मनापासून काढत असेल तर आम्हाला बरं वाटतं.

दुसरी जिवाची. खाली महाडच्या बाजूला सावित्रीत मगरी आहेत. थंडीत काठावर ऊन खात पडलेल्या सगळ्यांनी पाहिल्यात. तुमच्या भागात आहेत का हे गावातल्या मासे मारणाऱ्यांना विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका. आणि वर डोंगरात पाऊस झाला तर आपल्याकडे ऊन असतानाही नदी बघता बघता चढते. पाण्याचा रंग बदलला, काड्या-पाचोळा वाहून यायला लागला की सामान तिथेच टाकून वर या. कॅमेरा परत घेता येतो.

२ ऑगस्टला आमच्या डेपोत कोणी बोलत नाही फारसं. तुम्ही त्या गाड्यांची नावं लिहिलीत, ते वाचून थांबलो थोडा वेळ.

शटरिंग

उशिरा पाहिला धागा. मी आयुष्यभर पुलांची कामं केली, आता निवृत्त आहे. धागाकर्ते, तुमच्या प्रश्नाला निमशहरींनी कॅमेऱ्याच्या बाजूने उत्तर दिलंय, मी पुलाच्या बाजूने देतो. तुमचे फोटो झोपलेले येतात, कारण तुम्ही पुलाला पट्टी म्हणून बघताय. पूल वजन वाहतोय, आणि ते वजन कुठून कुठे जातं हे दिसायला लागलं की काय काढायचं ते आपोआप कळेल.

खाली उतरून वर बघा. सगळ्यात वर रस्त्याची स्लॅब. ती गर्डरांवर, म्हणजे लांब आडव्या तुळयांवर बसलेली. गर्डर खांबाच्या डोक्यावरच्या आडव्या कॅपवर टेकलेले. पण थेट टेकलेले नाहीत. मध्ये एक छोटी उशी असते, तिला बेअरिंग म्हणतात. बऱ्याच पुलांवर ती रबराची असते, आत पोलादाचे पातळ पत्रे घातलेली. एसटी, ट्रक, पलीकडच्या गावाचं सगळं वजन त्या वीतभर, हातभर जागांमधून खाली जातं. मला विचाराल तर पुलातली सगळ्यात सुंदर जागा तीच. तुमच्या ५५ मिलिमीटरने ती काठावरून नीट मिळेल.

ही उशी का लागते? कारण काँक्रीट तापलं की लांबतं. गर्डर २० मीटरचा असेल आणि थंडीतल्या पहाटेपासून मे महिन्यातल्या दुपारपर्यंत काँक्रीट २५ अंशांनी तापलं, तर तो साधारण ५ ते ६ मिलिमीटर लांबतो. तेवढी जागा सोडावी लागते. एसटीत बसून पूल ओलांडताना ठरावीक अंतराने खडक-खडक ऐकू येतं ना, ती ही सोडलेली जागा, एक्सपान्शन जॉइंट. एक प्रयोग करा. कठड्याजवळ, रहदारीबाहेर, जिथे ती फट दिसते तिथे दहा रुपयांचं नाणं ठेवून जानेवारीच्या पहाटे एक फोटो काढा आणि त्याच जागी मे महिन्यात दुपारी तीनला दुसरा. नाणं २७ मिलिमीटरचं असतं, त्याच्याशी फट मोजता येईल. थंडीत रुंद, उन्हाळ्यात अरुंद. दोन्ही फोटो शेजारी लावलेत की पूल श्वास घेतो असं कोणालाही दाखवता येईल.

आता ओघळ आणि डाग. लोक त्यांना घाण समजतात आणि फोटोत पुसून टाकतात. तो पुलाचा इतिहास आहे. फळ्यांचे ठसे दिसले तर शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, लाकडी फळ्यांचं होतं, मोठे चौकोन दिसले तर प्लायवुडचं किंवा पत्र्याचं. खांबावर आडवी बारीक रेघ दिसली तर एका वेळचं काम तिथे थांबलं आणि पुढचं काँक्रीट नंतर ओतलं. पांढरे ओघळ म्हणजे पाणी काँक्रीटमधून झिरपून चुना बाहेर आणतंय. तांबूस ओघळ दिसले तर लक्ष द्या. आतली सळई गंजायला लागली असू शकते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे वरचं काँक्रीट आतून फुगून तडकतं आणि शेवटी खपली निघते. कोकणातल्या दमट हवेत, खाडीजवळ तर जास्तच, हे लवकर होतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं, खांबाचा पाया. पूल बहुतेक वेळा वरून मोडत नाहीत, पायाखालून जातात. पुरात खांबाला आपटलेलं पाणी खाली वळतं, भोवरा होतो आणि पायाजवळची वाळू-माती उकरून नेतो. आम्ही स्कावर म्हणतो. पूर ओसरताना तोच खड्डा पुन्हा गाळाने भरतो, त्यामुळे वरून काहीच कळत नाही. म्हणून मे महिन्यात, पाणी सगळ्यात कमी असताना, प्रत्येक खांबाचा पायथा काढून ठेवा. शेजारी मोजपट्टी किंवा निदान छत्री उभी करा, अंदाज येतो. दरवर्षी तीच जागा, तोच कोन. सार्वजनिक बांधकाम विभागाची माणसं पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पुलांची पाहणी करतात. तुमचे तीन-चार वर्षांचे फोटो त्यांच्या हातात दिलेत तर त्यांना उपयोगच होईल.

काँक्रीटला रूप नाही असं मला कोणी म्हणालं की वाईट वाटतं. पहाटे चारला स्लॅब ओतायला घेतली आणि संध्याकाळपर्यंत एकही माणूस जागचा हलला नाही, असे दिवस मी पाहिलेत. ते सगळे हात त्या करड्या रंगात आहेत.

निमशहरी

@शटरिंग काका, साष्टांग. इतकी वर्षं पूल काढतोय आणि बेअरिंगकडे कधी लेन्स वळवली नव्हती.

आल्प्सवासी

शटरिंगकाकांचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही. मी स्वित्झर्लंडमध्ये राहतो. इथे शीअर्स गावाजवळ साल्गिनाटोबेल नावाच्या दरीवर एक काँक्रीटचा पूल आहे, रोबेर मायार या अभियंत्याचा. १९३० साली पूर्ण झाला. ९० मीटरची एकच कमान, वरून जाणारा एका गाडीपुरता रस्ता, आणि पलीकडे मोजकी घरं. म्हणजे तोही तुमच्यासारखाच, वाडीकडे जाणारा पूल. आज जगभरातले अभियंते तो बघायला येतात.

वरून चालत गेलात तर काहीच दिसत नाही, अरुंद रस्ता आणि कठडा. खालच्या पायवाटेने उतरलं की एकदम समोर येतो. कमान दोन्ही टोकांना आणि मध्यावर बारीक होत जाते, कारण त्या तीन ठिकाणी बिजागऱ्या आहेत. काँक्रीटवर लाकडी फळ्यांचे ठसे अजून वाचता येतात. मी चार वेळा गेलो, तेव्हा कुठे एक फोटो मनासारखा आला, तोही ढगाळ दिवशी, आभाळ जवळजवळ न घेता. तेव्हा तीन वर्षं फार नाहीत, धीर सोडू नका.

पंचगंगा

आमच्या कोल्हापूरकडे पूल आणि बंधारा एकच असतो बघा. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणजे खाली गाळे, पावसाळा संपला की गाळ्यांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या घालून पाणी अडवायचं, आणि वरून वाहतूक. पावसाळ्यात बरगे काढलेले असतात आणि बंधारा सरळ पाण्याखाली जातो. राजाराम बंधाऱ्याची पातळी आमच्याकडे पावसाळ्यात पोरंटोरंसुद्धा पाठ सांगतात. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका.

मी दरवर्षी एकच फोटो काढतो. बंधारा पाण्याखाली गेल्यावर, लांबून, उंचावरून. उजेड कमी करणारा काळा फिल्टर लावून वीस-तीस सेकंद शटर उघडं ठेवतो. पाणी मऊ होतं आणि बंधाऱ्याच्या जागी फक्त एक अस्पष्ट उंचवटा राहतो. तुम्हीही पुरात तसं करून बघा, आभाळ पांढरं असलं तरी चालतं.

मुक्कामी_गाडी

@पंचगंगा, राग मानू नका. पण पुराचं पाणी फोटोत दुधासारखं मऊ केलेलं मला बघवत नाही. आम्ही ते पाणी गाडीच्या काचेतून बघतो. त्यात झाडं असतात, गवताचे भारे असतात, कधी जनावर असतं. ते मऊ नसतं.

पंचगंगा

@मुक्कामी_गाडी, राग कसला. २०१९ च्या महापुरात आमच्याही घरात पाणी होतं. मला वाटतं, मी ते मऊ करतो कारण तसंच बघणं मला झेपतं. पण तुमचं म्हणणं पटलं. यंदा दोन्ही काढेन.

निमशहरी

यात भर. पुराचा जोर दाखवायचा असेल तर शटर १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवा, खांबावर आपटून उसळलेलं पाणी जागच्या जागी गोठतं. १/१५ च्या जवळपास ठेवलं तर वेग दिसतो आणि लाटांचा आकारही थोडा राहतो. मला स्वतःला तो मधला मार्ग आवडतो. उन्हाळ्यात उलट. पाणी नितळ असतं, पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) फिरवला की चमक जाऊन तळातले दगड दिसतात. पण पुलाचं प्रतिबिंब हवं असेल तर पोलरायझर काढून ठेवा, तोच ते पुसून टाकतो.

आणि पूर काढताना पुलावर उभं राहायचं नाही. काठावरून, उंच जागेवरून.

तिसवाडीकर

गोव्याहून. आमचा मांडवीवरचा नेहरू पूल १९७० मध्ये सुरू झाला आणि ५ जुलै १९८६ ला कोसळला. प्रिस्ट्रेस्ड काँक्रीटचा (आतल्या पोलादी तारा ताणून बांधलेला), सोळा वर्षांचा. मग कितीतरी वर्षं पुन्हा फेरीबोटी, रांगा, पावसात ताटकळणं. आमच्या घरी त्या पुलावरचे फोटो खूप आहेत. काकाचं लग्न झाल्यावर काढलेला, आतेबहीण पहिल्यांदा पणजीला आली तेव्हाचा. सगळ्यांत माणसं पुलावर आणि मागे मांडवी. पुलाचं पोट दिसतं असा एकही नाही. शटरिंग यांनी लिहिलेलं वाचताना हे लक्षात आलं.

रानजाई

ड्रोनबद्दल कोणी लिहिलं नाही. वरून नदी आणि पूल छान दिसेल ना?

निमशहरी

@रानजाई, दिसेल, पण आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशावर जागा हिरव्या क्षेत्रात आहे का ते बघायचं. २०२१ च्या नियमांप्रमाणे हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. ड्रोनची नोंदणी मात्र करावी लागते. कुठेही गेलात तरी पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा. महामार्गावरच्या पुलावर गाडी थांबवून तर काहीच काढू नका. आणि माझं मत विचाराल तर वरून पूल पुन्हा पट्टीच होतो. नदी समजते, पूल समजत नाही.

पोलादपूरकर

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, माफ करा. मध्ये गावी जाऊन आलो, चार दिवस मुद्दाम पुलासाठी.

पहिल्या दिवशी कॅमेरा काढलाच नाही. शटरिंगकाकांचा प्रतिसाद छापून नेला होता, तो हातात घेऊन पुलाखाली बसलो. नदीत पाणी घोट्याएवढं, मगरीचं आधी विचारून घेतलं होतं. आमच्याकडे नाहीत म्हणाले, पण खालच्या डोहात उतरू नका असंही म्हणाले. आडव्या रेघा सापडल्या. प्रत्येक खांबावर दोन, आणि पलीकडच्या खांबावर तीन. का तीन, याचा विचार करत बसलो. संध्याकाळी गावातल्या एका आजोबांना विचारलं. ते पुलाच्या कामावर मजूर होते, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं! ते म्हणाले, त्या खांबाचं काम चालू असताना अवकाळी पाऊस आला, घाईने थांबवावं लागलं. बोलता बोलता उठले आणि काठी टेकत माझ्याबरोबर पुलापर्यंत आले. कोणत्या बाजूने खडी आणली, पाणी कुठून भरलं, सगळं दाखवलं.

मला हवा होता तो फोटो तिथेच मिळाला. आजोबांचा हात त्या तिसऱ्या रेघेवर, मागे खांबाची गोलाई, आभाळ कुठेच नाही. ५५ मिलिमीटर, एफ ५.६, संध्याकाळचं ऊन खालच्या अंगाने आलेलं.

मुक्कामी गाडीचाही काढला. आदल्या दिवशी भेटून आलो होतो. चालकांनी पुलाच्या मध्यावर गाडी इतकी हळू केली की आतले प्रवासी खिडकीतून डोकावून बघायला लागले. धुकं नव्हतं, पण दिव्यांचा उजेड कठड्यावर आलाय.

आणखी एक, जे कोणी सांगितलं नव्हतं. सकाळी साडेसातच्या सुमाराला ऊन पाण्यावर पडून उलटं पुलाच्या पोटावर जातं आणि गर्डरांच्या मधोमध उजेडाची जाळी हलत राहते. दहा-पंधरा मिनिटं टिकते. फोटोत निम्मीच आलीय, पण ती बघायला मी रोज सकाळी गेलो.

फटीजवळ नाणं ठेवूनही काढला. पुढचा जानेवारीत. काठावरच्या एका मोठ्या कातळावर रंगाची छोटी फुली मारून ठेवलीय, दरवेळी तिथूनच एक फोटो, २४ मिलिमीटरवर. वर्षातून तीन. अक्षय तृतीयेला पाणी कमी असतं तेव्हा, नागपंचमीला नदी भरलेली असते तेव्हा, आणि कोजागिरीला पाणी निवळलेलं असतं तेव्हा. मी नसेन तेव्हा पुतण्या काढेल, त्याला फुली दाखवून ठेवलीय.

परत येताना महाडला उतरलो. नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ ला सुरू झाला, २३९ मीटर लांब. त्यावरून आजवर फक्त गाडीतून गेलो होतो. या वेळी लांब काठावर जाऊन उभा राहिलो. एकच फोटो काढला, नदीचा. पूल चौकटीच्या वरच्या कडेला अर्धाच आहे. तो इथे टाकत नाही.

@रानजाई, खिडकीतला जुना फोटो सापडलाय, खाली जोडतोय.

रानजाई

पाहिला. डावीकडे कठड्याच्या दगडात गवत उगवलेलं दिसतंय. हललेला असूनही ते स्पष्ट आलंय.

शटरिंग

तिसऱ्या रेघेचं कारण तुम्ही माणसाकडून शोधून काढलंत, फार आनंद झाला. पुढच्या वेळी आजोबांना विचारा, पायाला कातळ किती खोलावर लागला होता. ते कागदावर असेल, पण ज्याने खणलं त्याच्या तोंडून लिहून घ्या.

ती रेघ असलेल्या खांबाचा जवळून, समोरून एक फोटो पाठवाल का? रेघेच्या खाली खडी उघडी पडल्यासारखी वाटतेय. सावलीमुळेही वाटत असेल, पण बघायला आवडेल.

पोलादपूरकर

@शटरिंग काका, पुतण्याला आजच सांगतो, रविवारपर्यंत येईल. आजोबांना विचारायचंही लिहून ठेवलं.

@अवनी_७ ताई, तुमच्या आजी साकवावर उभ्या राहिल्या होत्या त्या दिवसाचा किंवा त्या जुन्या लाकडी साकवाचा एखादा फोटो घरी असेल का?

अवनी_७

आजीचा नाही. पण मोठ्या मामाच्या लग्नाचं वऱ्हाड लाकडी साकवावरून ओळीने येतंय असा एक कृष्णधवल फोटो आईच्या ट्रंकेत होता. पुढे वाजंत्री, मागे डोक्यावर रुखवताच्या टोपल्या घेतलेल्या बायका, आणि खाली साकवाचे मेढके पाण्यात उभे दिसतात. रविवारी आईकडे जातेय. सापडला तर तिथूनच टाकते.